आठवणीतून चित्र काढताना डोक्यात नेमकं काय चालतं?

रेघोटी:
ज्याला आठवणीतून चित्र काढता येतं त्याला ते आधी मनात लख्ख दिसतं आणि मग तो ते फक्त कागदावर उतरवतो, ही समजूत इतकी रुळली आहे की चित्रं काढणारेसुद्धा ती तपासून पाहत नाहीत. नवशिक्यांचं तिच्यामुळे फार नुकसान होतं. डोळे मिटल्यावर काही दिसलं नाही की 'आपल्यात ती कलाच नाही' असं ठरवून ते वही मिटून टाकतात. मला ही समजूत चुकीची वाटते, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देते. १८८० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी लोकांना एक प्रश्नावली दिली होती. आज सकाळी ज्या टेबलावर नाश्ता केलात ते टेबल आठवा आणि सांगा, चित्र उजळ आहे की मंद, कडा स्पष्ट आहेत का, रंग दिसतात का? काहींनी लिहिलं, समोर असल्यासारखं दिसतं. काहींना मात्र काहीच दिसत नव्हतं, आणि त्यांत वैज्ञानिक बरेच होते. 'मनासमोर चित्र उभं राहिलं' ही नुसती बोलण्याची पद्धत आहे असंच ते तोवर समजत होते. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी मनातलं चित्र किती ठळक आहे ते मोजायला १६ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरली जाते. २०१५ मध्ये मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनात चित्र अजिबात न दिसण्याला 'अफॅन्टेझिया' हे नाव दिलं. दुसरं टोक हायपरफॅन्टेझियाचं, तिथे मनातलं चित्र जवळजवळ प्रत्यक्षासारखं असतं.

आता मुद्दा. 'द लिटल मर्मेड'मधली एरियल आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधला बीस्ट ही डिस्नेच्या ॲनिमेशनपटांतली पात्रं घडवणारे ॲनिमेटर ग्लेन कीन यांना मनात चित्र दिसत नाही. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे माजी अध्यक्ष एड कॅटमल यांनाही दिसत नाही. कॅटमल यांनी आपल्या ५४० सहकाऱ्यांकडून अशीच प्रश्नावली भरून घेतली. औपचारिक संशोधन नव्हे ते, पण निर्मितीचं व्यवस्थापन सांभाळणाऱ्यांची मनातली चित्रं साधारणपणे चित्रकारांपेक्षा ठळक निघाली.

तुमचं कसं होतं ते मला ऐकायचंय. आठवणीतून काढताना चित्र आधी दिसतं, की काढता काढता सापडत जातं?

चित्रवेल:
मी त्या दुसऱ्या टोकाची. एकदा पाहिलेली खोली मला कोपऱ्यांसकट दिसते, उजेड कुठून येतोय तेही कळतं. पण पेन्सिल हातात घेतली की साधी खुर्ची उभी राहत नाही. इतकं स्पष्ट दिसत असताना हात का अडतो, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

कोळसा_कागद:
चित्रवेल, मी बरीच वर्षं रेखाटन शिकवते आहे आणि तुमच्यासारखे विद्यार्थी मला नेहमी भेटतात. तुम्हाला दिसतं ते खरंच दिसतं, त्याबद्दल शंका नाही. पण 'दिसणं' आणि 'रेषा कुठून कुठे जाते हे ठाऊक असणं' या वेगळ्या गोष्टी आहेत.

आलँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने या बाबतीत एक फार चांगली परीक्षा सुचवली होती. पॅरिसचं पॅन्थिऑन मला डोळ्यांसमोर दिसतं असं जो म्हणेल, त्याला दर्शनी भागाचे खांब मोजायला सांगायचे. बहुतेकांना ते जमत नाही. चित्र पूर्ण असल्याची भावना पक्की असते, पण त्यातले खांब कधी मोजून साठवलेलेच नसतात. तुमच्या खुर्चीचं असंच काहीसं होत असावं. मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा कागदावर किती वर टेकतात, पाठीची पट्टी बैठकीला नेमकी कुठे मिळते, हे प्रश्न तुमच्या मनातल्या चित्राला कधी कुणी विचारलेले नाहीत. पेन्सिल ते पहिल्यांदा विचारते.

नेहमीच्या वस्तूंचंही तेच. लिव्हरपूलच्या मानसशास्त्रज्ञ रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये लोकांना सायकलचं अपुरं चित्र पुरं करायला दिलं. साखळी दोन्ही चाकांना जोडणारे, पुढचं चाक वळूच शकणार नाही अशी चौकट काढणारे कितीतरी निघाले, आणि त्यांत सायकल चालवता येणारेही होते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ८५ विद्यार्थ्यांना ॲपल कंपनीचं बोधचिन्ह आठवणीतून काढायला सांगितलं, तर ते अगदी बरोबर काढणारा एकच निघाला. ओळखायला जेवढं लागतं तेवढंच मन ठेवतं. काढायला त्याहून कितीतरी जास्त लागतं.

गणितवेडा:
हे सगळं सामान्य माणसांबद्दल झालं. स्टीफन विल्टशायर या ब्रिटिश चित्रकाराचं काय? २००५ मध्ये हेलिकॉप्टरमधून टोकियोवर थोडा वेळ फिरून आल्यावर त्याने दहा मीटर लांब कॅनव्हासवर ते शहर सात दिवसांत आठवणीतून काढलं. याला मनातला फोटो नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पांथस्थ:
चित्रकार नाही, मानसशास्त्राचा वाचक म्हणून लिहितो.

आधी एक मर्यादा लक्षात घ्या. नजर हलवल्यावर आपण जेमतेम चारेक वस्तू तपशिलासकट धरून ठेवू शकतो, असं लक आणि व्होगेल यांच्या १९९७ च्या प्रयोगांत दिसलं. मग काही जणांना एवढं कसं आठवतं? चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर जे काम केलं त्यातून याची एक वाट दिसते. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर तरबेज खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या जागच्या जागी लावतो. त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या की त्याची आघाडी जवळजवळ संपते. म्हणजे त्याची नजर कॅमेऱ्यासारखी नसते. तो सोंगट्यांचे अर्थपूर्ण गट बघतो, आणि असे गट त्याच्यापाशी हजारोंनी जमलेले असतात.

किम जुंग गी हे कोरियन चित्रकार (१९७५-२०२२) भल्यामोठ्या कागदावर कच्चं रेखाटन न करता थेट ब्रश पेनने शेकडो आकृत्या काढत. कुठल्याही कोनातून घोडा, मोटार, माणसांची गर्दी. त्यांच्या चित्रांतले प्रसंग बहुतेक वेळा कल्पनेतले असायचे, म्हणजे फोटोसारखं आठवण्याचा प्रश्नच नव्हता. वस्तू आतून कशी बांधलेली आहे हे त्यांना माहीत होतं आणि ती हवी तशी फिरवता येत होती. विल्टशायर वेगळा, तो विशिष्ट शहर काढतो. पण तोही लहानपणापासून इमारतींवर जीव लावून त्याच काढत आलेला आहे. खिडक्यांच्या रांगा, मजल्यांची लय, छपरांचे प्रकार यांचं केवढं भांडार त्याच्यापाशी असेल! त्याच्या आठवणीचं सगळं रहस्य त्यात आलं असं माझं म्हणणं नाही. पण 'फोटो' म्हणून विषय संपवला तर हे भांडार दृष्टीआड होतं.

गणितवेडा:
बुद्धिबळाचं पटलं. पण नादियाचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये या स्वमग्न मुलीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. जेमतेम बोलू शकणारी ही मुलगी साडेतीन वर्षांच्या आसपास असताना घोडे असे काढायची की मोठ्यांनाही जमू नयेत, तेही पुढून, तिरक्या कोनातून. इतक्या लहान वयात सरावाने गट कुठून जमणार?

पांथस्थ:
बरोबर आहे, तिथे सरावाचं स्पष्टीकरण पुरत नाही. तिच्यासारखी मुलं 'घोडा' या कल्पनेपेक्षा समोरच्या कडा आणि आकारच जास्त थेट पाहत असावीत, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. मला ते शक्य वाटतं. म्हणजे वाटा एकापेक्षा जास्त आहेत, आणि रेघोटी यांचा मूळ मुद्दा तोच आहे असं मी समजतो.

शाईपेन:
मला काहीच दिसत नाही. डोळे मिटले की काळोख, आई-वडिलांचा चेहरासुद्धा नाही. आणि मी कॉमिक्स काढून पोट भरतो. त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या डोक्यात चित्राऐवजी काय असतं ते सांगायचा प्रयत्न करतो. एक माणूस जड पेटी उचलतोय असं समजा. मला तो दिसत नाही, पण वजन कुठे आहे ते मला 'माहीत' असतं. ढुंगण मागे जाणार, गुडघे वाकणार, मान पुढे येणार, टाचेवर भार पडणार. हे मला बरंचसं माझ्याच अंगात जाणवतं. मग मी अगदी हलक्या हाताने गिरगटायला लागतो. पाच-सहा रेषा एकमेकींवर पडतात आणि त्यातली एक बरोबर असते. ती बरोबर आहे हे बघताक्षणी कळतं, कारण ओळखण्याची शक्ती शाबूत आहे. मनात जे दिसत नाही ते मला कागदावर दिसतं. म्हणून कागदाशिवाय मला विचारच करता येत नाही. ग्लेन कीन सुरुवातीला गिरगटून त्यातून आकृती शोधत जातात हे वाचलं तेव्हा फार धीर आला होता.

रंग मात्र अवघड जातात. वस्तू कुठे होती ते पक्कं आठवतं, तिचा रंग शब्दात लिहून ठेवलेला नसेल तर गेला.

पांथस्थ:
शाईपेन, तुम्ही जे लिहिलंत ते जवळजवळ तसंच एका प्रयोगात निघालेलं आहे. विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तो प्रसिद्ध केला. अफॅन्टेझिया असलेले ६१ जण आणि सर्वसाधारण प्रतिमाशक्तीचे ५२ जण घेतले, खोल्यांचे फोटो दाखवले आणि ते आठवणीतून काढायला सांगितले. अफॅन्टेझियावाल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी वापरले, चित्रात शब्द जास्त लिहिले. पण ज्या वस्तू काढल्या त्यांच्या जागा आणि आकारमान इतरांइतकंच अचूक होतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: फोटोत नसलेल्या वस्तू चित्रात घुसडण्याची चूक त्यांच्याकडून कमी झाली. फोटो समोर ठेवून नक्कल करायला सांगितल्यावर दोन्ही गटांत फरक राहिला नाही, म्हणजे हाताच्या कौशल्याचा हा प्रश्न नव्हता.

'काय आहे' आणि 'कुठे आहे' या आठवणी बऱ्याच अंशी वेगळ्या चालतात, असा त्याचा अर्थ लावता येतो.

गणितवेडा:
हा फरक फक्त वर्णनाचा तर नाही ना? एक जण ज्याला 'दिसतं' म्हणतो त्यालाच दुसरा 'माहीत आहे' म्हणत असेल. कुणाच्या मनात डोकावणार कसं?

पांथस्थ:
रास्त शंका आहे, आणि बरीच वर्षं तिला उत्तर नव्हतं. जोएल पिअरसन यांच्या गटाने २०२२ मध्ये डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला. उजळ आकाराची नुसती कल्पना केली तरी बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली आकसते, गडद आकाराची केली तर कमी. अफॅन्टेझिया असलेल्यांच्या बाहुल्या खऱ्या उजेडाला नेहमीसारख्या आकसत होत्या, पण कल्पनेतल्या उजेडाला त्यांनी असा प्रतिसाद दिला नाही. म्हणजे फरक नुसत्या बोलण्यातला नाही.

अनाहूत:
उजवा मेंदू कलेचा आणि डावा तर्काचा असं वाचलंय. चित्रकारांचा उजवा मेंदू जास्त चालतो, एवढं साधं उत्तर नाही का याचं?

रेघोटी:
अनाहूत, १९७९ मध्ये बेटी एडवर्ड्स यांच्या पुस्तकामुळे ही कल्पना घरोघरी पोचली. त्यांचे सराव उत्तम आहेत, चित्र उलटं ठेवून नक्कल करण्याचा तर अप्रतिम. उलटं ठेवलं की 'हा डोळा, हे नाक' असं नाव देणं थांबतं आणि नुसते आकार दिसायला लागतात. पण मेंदूची अशी सरळ वाटणी टिकत नाही. रेबेका चेंबरलेन यांनी २०१४ मध्ये समोर बघून चांगलं रेखाटन करणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा त्यांच्यात करडा भाग, म्हणजे चेतापेशींचा भाग, जास्त आढळला तो डावीकडच्या लहान मेंदूच्या पुढच्या भागात आणि उजवीकडे कपाळामागच्या एका भागात. दोन्ही बाजू, आणि दोन्ही हालचालींच्या नियंत्रणाशी संबंधित. हात चित्रात किती मोठा भागीदार आहे ते यातून दिसतं.

चित्रवेल:
चेहऱ्यांचं काय? चेहरे लक्षात न राहणारा माणूस व्यक्तिचित्रं काढू शकेल?

रेघोटी:
अमेरिकन चित्रकार चक क्लोज (१९४०-२०२१)! त्यांना चेहरे ओळखता येत नसत, आणि आयुष्यभर त्यांनी भिंतीएवढे चेहरे रंगवले. फोटोवर चौकोनांची जाळी आखायची आणि एकेक चौकोन मोठ्या कॅनव्हासवर न्यायचा. समोरचं माणूस जरा हललं की त्यांच्यासाठी चेहरा नवा व्हायचा, पण तोच चेहरा सपाट झाला की मनात राहायचा. चेहरे त्यांना एवढे महत्त्वाचे का वाटले याचं कारणही त्यांनी स्वतः हेच सांगितलं आहे. ही आठवणीतली चित्रकला नाही हे मान्य, पण मनाच्या एका बंद दारामुळे चित्रकाराने वेगळी रीत कशी शोधली याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अजून एक, पांथस्थ यांनी चुकीच्या वस्तू घुसडण्याबद्दल लिहिलं त्यावरून. इनट्राउब आणि रिचर्डसन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की फोटो आठवून काढताना माणसं कडेपलीकडचंही काढतात, फोटोत नसलेली कुंपणाची पुढची बाजू वगैरे, आणि ते आपण पाहिलंच होतं अशी त्यांची खात्री असते. याला मी दोष मानत नाही. फ्रँको मॅग्नानी हे इटलीतल्या पोंतितो गावचे. सॅन फ्रान्सिस्कोत राहून त्यांनी सोडून आलेलं आपलं गाव वर्षानुवर्षं आठवणीतून रंगवलं. १९८८ मध्ये तिथल्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात त्यांची चित्रं आणि त्याच जागांचे फोटो शेजारी शेजारी लावले गेले. साम्य थक्क करणारं आहे, पण फरकही आहेत. एका जागेवरून एकदम दिसूच शकणार नाहीत अशा गोष्टी एका चित्रात आल्या आहेत, आणि गाव फोटोतल्यापेक्षा नीटनेटकं आहे. मला ती चित्रं फोटोपेक्षा खरी वाटतात, कारण गावात वाढलेल्या माणसाला गाव एका जागेवरून कधी दिसतच नाही.

पांथस्थ:
+१. शेवटचं वाक्य फार आवडलं.

शाईपेन:
कोळसा_कागद ताई, एक विचारू? आठवणीतून काढायला शिकवता येतं का? आम्हाला वर्गात कायम समोर मॉडेल असायचं. 'पाठ करून काढणं' म्हणजे लबाडी असं सांगितलं जायचं.

कोळसा_कागद:
शिकवता येतं, आणि एके काळी रीतसर शिकवलं जायचं. पॅरिसमध्ये ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक होते, १८४८ मध्ये त्यांनी चित्रस्मृतीच्या शिक्षणावर पुस्तिका काढली. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फाँताँ-लातूर हे त्यांचे विद्यार्थी. सुरुवात अगदी सोप्या आकारांपासून, मग चेहरे, मग संग्रहालयातलं अख्खं चित्र बघून यायचं आणि वर्गात परत येऊन काढायचं. पुढे तर मोकळ्यावर चालत्या-फिरत्या मॉडेल्स बघून नंतर रंगवायला लावत. हलणारं माणूस समोर बसवून काढता येत नाही, त्यामुळे आठवणीला पर्यायच नव्हता. यात लबाडी कसली?

एकोणिसाव्या शतकातले चित्रकार व्हिस्लर यांची रीत मला शाईपेन यांच्यासाठी मुद्दाम सांगायची आहे. टेम्स नदीची रात्रीची चित्रं काढताना ते काठावर उभे राहून बघत, मग नदीकडे पाठ करत आणि सोबत्याला तोंडाने सगळं सांगत: आभाळ एवढं उजळ, पाणी त्याहून गडद, दिवे इतके, या इथे. सोबती नदीकडे बघून चूक दाखवायचा. चुकलं तर पुन्हा वळून बघायचं, पुन्हा पाठ फिरवून सांगायचं. सगळं बरोबर आलं की घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी रंगवायचं. यात मनात चित्र दिसण्याची अट कुठेच नाही. रंग शब्दात बांधून ठेवायचा, तुम्ही करता तसाच.

अठराव्या शतकातले इंग्रज चित्रकार होगार्थ आणखी वेगळे. बघितलेलं दृश्य ते मोजक्या खुणांत साठवत. दारूच्या गुत्त्यात शिरणारा, खांद्यावर भाला घेतलेला शिपाई आणि मागोमाग त्याचा कुत्रा, हे त्यांनी तीन रेषांत दाखवल्याचं सांगतात. एक उभी रेषा दाराची, एक तिरकी भाल्याची, एक छोटी वळणदार कुत्र्याच्या शेपटीची.

मी वर्गात हे तिन्ही करून घेते, पण सगळ्यांना एकाच क्रमाने नाही. ज्यांना मनात ठळक दिसतं त्यांच्याकडून आधी मोजमाप करून घेते. चित्रवेल, तुम्ही खुर्चीकडे बघताना स्वतःला प्रश्न विचारा: उंची रुंदीच्या किती पट? मागचा पाय पुढच्या पायाच्या कुठल्या बाजूने डोकावतो? दोन पायांमधली मोकळी जागा कुठल्या आकाराची? मग खुर्चीकडे पाठ करून काढा, वळून ताडून बघा, आणि खोडरबर न वापरता शेजारी दुसरं काढा. मोकळ्या जागेचा प्रश्न सोडू नका, सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

ज्यांना दिसत नाही त्यांची मोजमापं सहसा पक्की असतात. त्यांना मी कागद मोठा देते आणि मऊ कोळसा देते, म्हणजे चुकीच्या रेषा पुसल्या न जाता मागे राहतात आणि त्यांतून निवड करता येते. कडक पेन्सिल आणि लहान वही दिली तर हेच विद्यार्थी अडकतात.

चित्रवेल:
मोकळी जागा! खुर्चीच्या पायांमधला आकार मी कधी बघितलाच नव्हता. आता बघतेय तर तो चौकोनसुद्धा नाही, एका बाजूला निमुळता आहे. ताई, काढून झालं की इथे टाकते, चुका दाखवाल का?

कोळसा_कागद:
जरूर. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी एकाच कागदावर राहू द्या आणि त्या कागदाचाच फोटो टाका. शाईपेन, तुम्हीही तुमचं एखादं गिरगटलेलं पान टाका, पक्कं करण्याआधीचं. योग्य रेषा तुम्ही कशी निवडता ते मला बघायचं आहे.